न आलेल्या युद्धाची कवायत

सैन्यातली माझी बहुतेक नोकरी मास्क चढवायला शिकवण्यात गेली. शत्रूनं विषारी वायू सोडला किंवा रोगाचे जंतू पसरवले, तर जवानानं काय करायचं, हे मी शिकवायचो. सीमेवरही राहिलो, बर्फात पाय सुजवून घेतले, पण ती वर्षं थोडी. बाकीची सगळी एका पत्र्याच्या खोलीच्या आत-बाहेर करण्यात गेली.

त्या कामावर नेमल्याचा हुकूम आला तेव्हा मी सुट्टीवर गावी होतो. नातेपुत्याच्या अलीकडं आमचं गाव, घरी मेंढरं. आई एका मेंढीच्या खुरातला काटा काढत बसली होती. तिला सांगितलं, आता मी शिकवणार.

"म्हंजी लढाई न्हाय?" ती म्हणाली.

"लढाईच की. पण हवेतली. विषारी धूर आला तर काय करायचं ते माणसांना शिकवायचं."

तिनं मान वर केली नाही. "आन् जनावरांचं?"

पुढं आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या लायब्ररीत बसून वाचायला लागलो, तेव्हा कळलं की हा प्रश्न पहिल्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांनाही पडला होता. तोफा ओढणाऱ्या घोड्यांसाठी आणि खेचरांसाठी त्यांनी मास्क बनवले होते. निरोप्या कुत्र्यांसाठीही. कबुतरांच्या पिंजऱ्यांवर टाकायला औषध लावलेली कापडं होती. पुढच्या सुट्टीत मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "घोड्यांचं केलं न्हवं? मग बरं."

तिथूनच मला या विषयाच्या इतिहासाची गोडी लागली. नवी तुकडी आली की पहिला तास मी इतिहासाचा घ्यायचो. वरिष्ठांनी तो घ्यायला सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. पोरांना सांगायचो, की पहिल्यांदा तो पिवळट हिरवा ढग वाऱ्याबरोबर जमिनीलगत सरकत आला, तेव्हा खंदकातल्या लोकांजवळ काहीच नव्हतं. नुसता ओला फडका तोंडावर धरायचा. मग औषधात बुडवलेल्या कापडी पिशव्या आल्या, डोक्यावरून ओढून घ्यायच्या, डोळ्यांच्या जागी काचा. मग कोळशाच्या डब्याचा मास्क. तो कोळसा चांगला निघावा म्हणून लोकांकडून फळांच्या कोयी आणि नारळाच्या करवंट्या गोळा केल्या होत्या. मास्क चांगला झाला, तर कातडीवर फोड आणणारा वायू आला. मग नुसता मास्क पुरेना, सगळं अंग झाकायची वेळ आली. म्हणून अंगभर सूट. असं ते एकामागं एक चालत आलं.

त्यापुढचा भाग मला जास्त विचित्र वाटायचा. दुसऱ्या महायुद्धात परदेशातल्या शहरांत घराघरात मास्क वाटले होते. पोरं शाळेत जाताना खांद्याला मास्कचं खोकं अडकवून जायची. तान्ह्या बाळाला आख्खं आत ठेवता येईल अशी पिशवी होती, आईनं हातानं हवा भरत बसायचं. आणि त्या शहरांवर बॉम्ब पडले, आगी लागल्या, पण वायू पडला नाही. ती सगळी खोकी तशीच राहिली. पुढं आखाताकडच्या युद्धांत तो पुन्हा वापरला गेला, तेव्हा जगभरची सैन्यं पुन्हा जागी झाली. नंतर करार झाले, आपल्या देशानंही सही केली आणि जवळचा साठा नष्ट केला. पण कवायत चालूच राहिली. दुसऱ्या कुणी करार मोडला तर?

जंतूंचं प्रकरण त्याहून अवघड. वायू आला की डोळे चुरचुरतात, कागदाची पट्टी रंग बदलते, काहीतरी कळतं. जंतू आले तर काहीच कळत नाही. ताप येतो, खोकला येतो. हल्ला झालाय की साथ आलीय, हे ठरवेपर्यंत निम्मी छावणी आजारी. योजना लिहिणारी माणसं या ठिकाणी नेहमी अडलेली दिसायची. इतर सगळीकडं ठामपणे लिहिलेलं असायचं, इथं आलं की वाक्यं लांबायची.

इतिहास झाला की दुसऱ्या दिवशी पत्र्याची खोली. आत अश्रुधूर. पोरं मास्क चढवून आत यायची, भिंतीला धरून फिरायची, मग एकेकानं मास्क काढायचा, आपलं नाव आणि नंबर मोठ्यानं सांगायचा आणि बाहेर पळायचं. नाकातून, डोळ्यांतून धारा लागायच्या, आणि बाहेर एकमेकांना बघून हसायची. मी मात्र मास्क घालून आतच थांबायचो, पुढची तुकडी येईपर्यंत. मास्कच्या आत माणसाला फक्त आपला श्वास ऐकू येतो. बाहेरचं हसणं लांबच्या गावातून आल्यासारखं यायचं.

सूटमध्ये सगळे सारखे दिसतात, म्हणून छातीवर नाव लिहायची पद्धत होती. ते मी पोरांना सगळ्यात आधी करायला लावायचो. आणि एक गोष्ट शिकवताना वर्गात नेहमी शांतता पसरायची. धोका टळलाय असं वाटलं, तरी सगळ्यांनी एकदम मास्क काढायचा नसतो. एकानं आधी काढायचा. बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विषानं बारीक होतायत का, ते बघत थांबायचं. त्याला काही झालं नाही, तर मग इतरांनी. तो एक कोण, हे कुणी विचारायचं नाही. ज्याला सांगितलं त्यानं काढायचा.

लग्न झालं होतं. बायको मोडनिंबची. ती क्वार्टरमध्ये राहायला आली तेव्हा मी तिलाही हे सगळं सांगायचो, दुसरं सांगायला माझ्याकडं होतं काय? कातडीवर विषारी थेंब पडला तर तो टिपायला मुलतानी माती वापरतात, हे ऐकून ती इतकी हसली, की चुलीवरचं दूध उतू गेलं. "म्हंजी तुमच्या फौजा तोंडाला लेप लावून लढणार व्हय?" नंतर कधीतरी गंभीर होऊन तिनं विचारलं, "अवो, पण हे कधी झालंय का आपल्यात?"

"न्हाय."

"मग तुमी नुसती तयारीच करताय की."

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. मलाही वाटायचं.

निवृत्त झालो आणि सोलापुरात विजापूर रोडला एक लहान फ्लॅट घेतला. मुलगी शिकून बंगळूरला नोकरीला लागली, तिकडंच लग्न केलं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात जायचो, पण तिथं लोक आपापल्या लढाया सांगायचे, कुठली चौकी कशी घेतली, कोण कसा पडला. माझी पाळी आली की मी म्हणायचो, मी ट्रेनिंगमध्ये होतो. लोक बरं म्हणायचे आणि चहा यायचा. हळूहळू जाणं कमी केलं. बायकोला मात्र शहर मानवलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू बाई, घरचे यंत्रमाग असलेल्या, तिच्या मैत्रीण झाल्या. दुपारभर दारात बसून दोघी बोलायच्या, एकीचं मराठी, दुसरीचं मराठीत मिसळलेलं तेलुगू.

मग कोरोना आला.

टीव्हीवर पांढऱ्या सूटमधली माणसं पहिल्यांदा दिसली तेव्हा मी उठून जवळ जाऊन बघितलं. शिवण कुठं आहे, बाह्यांची टोकं हातमोज्यात घेतलीत की नाही. बायको म्हणाली, "तुमचं आलं बघा."

मी घराचा बंदोबस्त केला. उंबऱ्याच्या आत खडूनं एक रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं स्वच्छ, पलीकडं अस्वच्छ, जसं आम्ही छावणीत करायचो. चपला पलीकडं, दुधाच्या पिशव्या पलीकडंच धुवायच्या, भाजी मिठाच्या पाण्यातून काढायची. बायको सगळं ऐकायची, पण समोरच्या बाईंकडं तिला जाता येईना, त्यांनाही इकडं येता येईना. दोघी आपापल्या दारात खुर्ची टाकून मोठ्यानं बोलायच्या. थोडे दिवस बोलल्या. मग मोठ्यानं बोलण्यासारखं फारसं काही उरलं नाही. बायको खिडकीत बसून रिकामा रस्ता बघायची. "सीमेवर आणून ठेवलंय की मला," ती म्हणाली. मी हसलो, तीही हसली.

तरीही तिला ताप आला. कुठून आला, ते मला आजही माहीत नाही. मला साधी सर्दी झाली नाही. अँब्युलन्समधून पांढऱ्या सूटमधले दोघं आले, ती स्वतःच्या पायांनी जिना उतरली. खालून तिनं वर बघितलं आणि हातानं खूण केली, आत जा, ऊन आहे.

आधी ती फोनवर बोलायची. शेजारच्या खाटेवरची बाई फार कण्हते, पोहे गार येतात, असलं. मग आवाज बारीक झाला. मग फोन लागला की नर्सच बोलायच्या. मी रोज हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहायचो. तिथं माझ्यासारखे पुष्कळ होते, एकमेकांपासून लांब लांब उभे. कुणी कुणाशी बोलायचं नाही.

एका दुपारी वॉर्डातल्या डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, चेहऱ्यावर मास्कचे वळ. त्यांनी माझ्या बायकोचं नाव घेतलं आणि विचारलं, "काका, किट घालून थोडा वेळ आत याल का? झेपेल? आत फार उकडतं."

मी म्हणालो, "झेपेल."

कपडे बदलायच्या खोलीत नर्स मदतीला उभी होती. माझे हात आपोआप चालले. तिनं विचारलं, "काका, तुम्ही डॉक्टर आहात?" "न्हाय, फौजी." ती म्हणाली, "मग बरंय," आणि गॉगलच्या कडेनं चिकटपट्टी लावून दिली. सोलापूरचा उन्हाळा आणि अंगावर प्लॅस्टिक. दार ओलांडायच्या आतच पाठीवरून घाम वाहायला लागला.

बायकोची खाट खिडकीजवळ होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट मिटलेले. मी जवळ गेलो तसे तिनं डोळे उघडले, मास्क जरा बाजूला सरकवला.

"सिस्टर, वाईच पाणी देता का?"

मी नळीचा पेला तिच्या ओठांना लावला. दोन घोट घेऊन ती थांबली. पुन्हा घेतले. मी पेला तसाच धरून राहिलो. ती माझ्याकडं बघत होती, एखाद्या परक्या, कामाच्या माणसाकडं बघावं तशी.

"नवीन हायसा व्हय? खाली आमचे मालक उभे असतील. उंच हायती, पांढऱ्या मिशा. त्यास्नी एक सांगाल का? शेंगाची चटणी फडताळात वरच्या फळीवर हाय, मागं. न्हायतर नुसती भाकरी खात बसतील."

"सांगतो," मी म्हणालो.

आवाज ऐकून तिनं विचारलं, "बापय माणूस हाय व्हय तुमी?"

"अगं, मीच हाय."

तिला कळलं नाही. दोन मास्कांच्या आडून माझा आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. मी वाकून पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तोंड दाखवा."

"न्हाय दाखवता येत."

त्या वेळी मास्क काढावा असं वाटलं नाही, असं नाही. पण हात वर गेला नाही. इतकी वर्षं जे शिकवलं होतं, ते हातातच बसलं होतं. मग तिनंच माझा हात धरला. दोन-दोन मोजे होते त्यावर. ती बोटं चाचपत अंगठ्यापर्यंत आली. माझा उजवा अंगठा लहानपणी शेळीच्या दाव्यात अडकून मोडला होता, तेव्हापासून वाकडा आहे. तिनं तो वाकडेपणा धरला आणि सोडला नाही.

"आत कसं सोडलं?" तिनं विचारलं.

"डॉक्टर बाईनं सोडलं."

"लई वेळ थांबू नका. उकडत असंल त्यात." मग जरा वेळानं, श्वास घेत घेत, "एवढी वर्सं दुसऱ्यांना शिकवलं. आज माझ्यासाठी घातलंसा बघा."

गॉगलच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, नुसता आकार दिसत होता. नर्सनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी बाहेर आलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मुलीला येता आलं नाही, रस्ते बंद होते. स्मशानात महापालिकेची माणसं होती, त्यांनीच सगळं केलं, आणि नीट केलं. मी लांब उभा होतो. मुलगी फोनच्या पडद्यावर होती, मी फोन उंच धरला होता. ती म्हणाली, "आबा, काहीच दिसत नाहीये, नुसतं पांढरं दिसतंय." भर उन्हात फोनच्या कॅमेऱ्यात तसंच होतं.

घरी आलो तेव्हा दाराबाहेर समोरच्या बाईंनी ठेवलेला डबा होता. त्या त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी डबा उचलून आत नेला. पुढं कितीतरी दिवस डबा येत राहिला आणि मी तो धुऊन परत ठेवत राहिलो. खडूची रेघ कधी पुसली गेली, मला समजलं नाही.

दुसरी लाट आली तेव्हा त्याच डॉक्टरांचा फोन आला. "काका, लस झालीय ना तुमची? माणसं कमी पडतायत. उपचार आम्ही करू, पण पेशंटजवळ बसायला कुणी नाही. तुम्ही किटमध्ये टिकता, मी बघितलंय. नाही म्हणालात तरी चालेल."

मी गेलो. मुलगी फोनवर रडली, रागावली, मग म्हणाली, "जाताय तर नीट घाला सगळं." मी तिला म्हणालो, ते मला येतं.

पहिल्याच दिवशी छातीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, "काका". काम साधं होतं. पाणी पाजायचं, चमच्यानं भात भरवायचा, फोन धरायचा म्हणजे घरची माणसं दिसतील. अक्कलकोटकडच्या एक आजी होत्या, त्यांना कन्नडशिवाय काही येत नव्हतं. मला पाहून त्या विचारायच्या, "यारु?" म्हणजे कोण. त्यांना वाचता येत नव्हतं. मी छातीवर बोट ठेवून म्हणायचो, "काका." माझ्याहून त्या वयानं कितीतरी मोठ्या. त्यांना त्याचं फार हसू यायचं. "काका!" म्हणायच्या आणि माझ्या मोज्यातल्या हातावर थापटायच्या. एके दिवशी त्यांची खाट रिकामी होती. घरी गेल्या, असं नर्सनं सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं, घरी म्हणजे गावी ना? ती म्हणाली, "हो काका, गावी."

एक माणूस होता, सात रस्त्याजवळ चहाची गाडी लावणारा. तो फार घाबरलेला असायचा. मी बसलो की बोलत राहायचा, चहात आलं किती घालायचं, सकाळचं गिऱ्हाईक वेगळं, संध्याकाळचं वेगळं. बोलताना दर वाक्याआधी घसा खाकरायची त्याला सवय होती, आजाराच्या आधीपासूनची, असं तो म्हणायचा. त्याला मी बरेच दिवस भरवलं. तोही बरा होऊन गेला. काही जण घरी गेले नाहीत. त्यांच्याजवळ शेवटी मी होतो, त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, आणि मला त्यांच्याविषयी बरंच काही माहीत झालं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही.

मग लाट ओसरली. वॉर्ड बंद झाला, खाटा हलवल्या. डॉक्टर दुसऱ्या शहरात गेल्या, जाण्याआधी घरी येऊन चहा घेऊन गेल्या. फोन यायचे थांबले. ज्या कामाची तयारी करण्यात आयुष्य गेलं, ते काम एकदा आलं आणि संपलं. पुन्हा येऊ नये असंच मी म्हणतो. पण सकाळी उठल्यावर कुठं जायचं नाही, हे लक्षात यायला मला रोज थोडा वेळ लागतो.

मुलगी म्हणते, आबा, इकडं या. एकदा जाऊन राहिलो. तिच्या घरात सगळे चांगले आहेत, पण दिवसभर घर रिकामं असतं, आणि रिकामंच राहायचं तर माझं घर काय वाईट, म्हणून परत आलो. इथं निदान नळाला पाणी कधी येणार, याची वाट तरी बघता येते. समोरच्या बाई बायकोशी मारायच्या तशा माहेरच्या गप्पा माझ्याशी मारत नाहीत, ते खरं. पण सणाला ताट येतं.

गेल्या आठवड्यात लक्ष्मी मंडईत मेथी निवडत उभा होतो. शेजारी कुणीतरी घसा खाकरला आणि कोथिंबिरीचा भाव विचारला. मी वळून बघितलं. तोच होता, चहावाला. अंगानं भरलाय, केस काळे केलेत. त्यानंही माझ्याकडं बघितलं, बाजारात शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडं बघतात तसं. त्यानं माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

सांगावं असं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. पण मी कोण हे सांगायचं, म्हणजे त्याला पुन्हा त्या खाटेवर नेऊन बसवायचं. बाजारात, भरल्या पिशवीसह उभ्या असलेल्या माणसाला कशाला?

तो म्हणाला, "काका, जरा पिशवी धरता का? गाडी वळवून घेतो."

मी धरली. वांगी होती, आलं होतं, बरंचसं. त्यानं गर्दीतून स्कूटर वळवली, पुढं येऊन थांबला आणि पिशवी घेऊन हँडलला अडकवली. "येतो हां," म्हणाला. मी म्हणालो, "सावकाश जा."

मग मी मेथीची एक जुडी घेतली आणि विजापूर रोडची रिक्षा बघायला लागलो.